हलकं व्हायचं तर काय सोडायचं? डेस्कटॉपकडून लॅपटॉपकडे जाताना



गेल्या आठवड्यात एका ज्युनिअरचा फोन आला. "ताई, पेटची तयारी करतोय. घरी जुना डेस्कटॉप आहे, तो देऊन टाकतो आणि लॅपटॉप घेतो. बजेट वीस हजार. कुठला घेऊ?"

एखाद्या मॉडेलचं नाव सांगून मला फोन ठेवता आला असता. पण दोन वर्षांपूर्वी मी ह्याच प्रश्नात अडकले होते, आणि तेव्हा केलेल्या घाईमुळे माझ्या एम.ए.पासूनच्या मुलाखती जवळजवळ भंगारात गेल्या होत्या. त्यामुळे उत्तर जरा लांबण लावून देते. तुम्ही संशोधनाच्या उंबरठ्यावर असाल तर यंत्र निवडायला त्याचा उपयोग होईल, आणि साध्या वस्तूला इतिहासाचा प्रश्न कसा विचारायचा तेही पाहून होईल.

प्रश्न एवढाच: टेबलावरचा संगणक मांडीवर यावा म्हणून प्रत्येक वेळी काय सोडावं लागलं?

स्वप्न ५०० डॉलरचं

१९७२ साली ॲलन के या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञानं एक निबंध लिहिला. तो तेव्हा झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात होता. वहीएवढा, मुलांना कुठेही नेता येईल असा संगणक त्यानं कागदावर मांडला आणि त्याला 'डायनाबुक' असं नाव दिलं. त्याची किंमत ५०० डॉलरच्या आत असावी, हेही त्यानं लिहून ठेवलं. ह्याचा अर्थ, हलकेपणा आणि स्वस्ताई या दोन्ही अपेक्षा पहिल्यापासून जोडीनं आल्या आहेत. प्रत्यक्षात मात्र त्या बराच काळ एकत्र नांदल्या नाहीत.

१९८१ च्या एप्रिलमध्ये 'ऑस्बोर्न १' आला. त्याचा कर्ता ॲडम ऑस्बोर्न. हा माणूस आपल्याला अगदीच परका नाही. त्याचं बालपण तमिळनाडूत गेलं, वडील रमण महर्षींचे भक्त होते, आणि आयुष्याच्या शेवटी तो कोडाईकनालला परतला. २००३ मध्ये तिथेच वारला. त्याचा संगणक शिलाई मशीनच्या पेटीसारखा दिसायचा. वजन सुमारे ११ किलो, पडदा अवघा ५ इंचांचा, ओळीत एका वेळी ५२ अक्षरं दिसायची. आत बॅटरी नव्हती, म्हणजे जिथे न्याल तिथे आधी प्लग शोधा. किंमत १,७९५ डॉलर. इथे सोडला तो पडदा, आणि खरं सांगायचं तर हातातलं बळही.

पुढच्याच वर्षी, १९८२ मध्ये, 'ग्रिड कंपास' आला. बिल मॉग्रिज या ब्रिटिश डिझायनरनं त्याला शिंपल्यासारखा मिटणारा आकार दिला. आज तुमच्या बॅगेत असलेला लॅपटॉप मिटतो तो ह्याच घडीनं. वजन सुमारे ५ किलो, पडदा सपाट, आवरण मॅग्नेशियमचं. नासानं तो अंतराळयानातही नेला. किंमत ८,१५० डॉलर! इथे वजन उतरलं आणि त्याची वसुली खिशातून झाली.

किमतीवर विश्वास कधी ठेवायचा?

इथे जरा थांबा, कारण संशोधनाचा एक धडा इथेच आहे. १९८१ च्या ऑगस्टमध्ये आयबीएमनं आपला टेबलावरचा पीसी आणला. त्याची जाहीर किंमत १,५६५ डॉलरपासून पुढे होती. ऑस्बोर्न १,७९५ आणि आयबीएम १,५६५, म्हणजे टेबलावरचा स्वस्त, असं तुम्ही लिहून मोकळे झालात तर व्हायव्हाला पकडले जाल. १,५६५ डॉलरमध्ये १६ केबी मेमरीचा डबा आणि कीबोर्ड मिळायचा. त्यात मॉनिटरही नव्हता आणि फ्लॉपी ड्राइव्हही नव्हता. ऑस्बोर्नच्या किमतीत पडदा होता, दोन फ्लॉपी ड्राइव्ह होते, शिवाय वर्डस्टार आणि सुपरकॅल्कसारखे प्रोग्रॅमही होते.

जाहीर किंमत हे एक साधन आहे. कुठल्याही साधनाला विचारतो तेच तिलाही विचारायचं: हे कुणी लिहिलं, कुणासाठी लिहिलं, आणि यात काय धरलेलं नाही? आज दुकानाच्या पाटीवर 'फक्त १९,९९९ पासून' वाचताना हेच विचारा. चार्जर धरला आहे का? डिस्क केवढी? मेमरी पुढे वाढवता येते, की बोर्डालाच जोडून टाकली आहे?

स्वस्ताई आली तीही काही सोडूनच

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला गाडी रुळावर आली. १९९१ मध्ये सोनीनं लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. त्याच वर्षी ॲपलच्या पॉवरबुकनं कीबोर्ड मागे सरकवून पुढे मनगट टेकायला जागा केली. १९९२ मध्ये आयबीएमचा थिंकपॅड आला. तरीही ही सगळी यंत्रं साहेबाच्या बॅगेतली होती. आपल्या ओळखीच्या घरांत तेव्हा डेस्कटॉपही दुर्मीळ होता.

के यांच्या स्वप्नातली स्वस्ताई यायला २००७ उजाडावं लागलं. निकोलस निग्रोपॉन्टी यांनी २००५ मध्ये गरीब देशांतल्या मुलांसाठी १०० डॉलरच्या लॅपटॉपची घोषणा केली होती. प्रत्यक्ष तयार झाला तेव्हा तो २०० डॉलरच्या घरात गेला. २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या एका लहान गावच्या शाळेतही हे हिरवे-पांढरे लॅपटॉप मुलांच्या हातात आले होते. त्याच वर्षी आसूसचा 'ई पीसी' आला. पडदा ७ इंच, साठवणीला ४ जीबी, वजन किलोच्या आत. लोकांनी तो उचलला, कारण टायपिंग, मेल आणि वाचन एवढंच करणाऱ्याला त्यापेक्षा जास्त लागत नाही हे एकदम उघड झालं. आयसप्लाय या बाजार-अभ्यास संस्थेच्या मोजणीनुसार २००८ च्या तिसऱ्या तिमाहीत जगभरात पहिल्यांदाच डेस्कटॉपपेक्षा लॅपटॉप जास्त रवाना झाले.

ह्या सगळ्यातून मी एवढंच घेते: हलकं यंत्र नेहमी काहीतरी सोडून आलेलं असतं. काय सोडायचं ते कंपनी तिच्या गिऱ्हाइकाकडे बघून ठरवते. तुमचं काम त्या गिऱ्हाइकाच्या कामासारखं आहे का, हे मात्र तुम्हीच तपासायचं.

माझे २२ हजार

आता माझी गोष्ट. फेलोशिपचा हप्ता रखडलेला, हातात २२ हजार रुपये. घरचा डेस्कटॉप २००८ चा, बाबांच्या डीटीपीच्या दुकानातला. तो घेऊन अभिलेखागारात जाता येत नाही, उघडच आहे. दिवसभर वहीत उतरवायचं आणि रात्री घरी येऊन पुन्हा टाइप करायचं, असं दुप्पट काम चाललं होतं.

मी यादी केली. मला काय लागतं? चांगला कीबोर्ड, उन्हातही दिसेल असा पडदा, चार तास टिकणारी बॅटरी (वाचनकक्षात प्लगजवळची खुर्ची मिळेलच असं नाही), आणि शे-दोनशे पानांची स्कॅन केलेली पीडीएफ न अडखळता उघडणं. काय नको? गेमसाठीचं ग्राफिक्स कार्ड, चकचकीत बारीक अंग, मोठा पडदा. मोठा पडदा तर घरी होताच!

त्या पैशात नवा घेतला असता तर मेमरी आणि कीबोर्ड दोन्हींत तडजोड होती. म्हणून एखाद्या ऑफिसनं वापरून काढलेला, आठव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरचा लॅपटॉप १६ हजारांना घेतला. आठवी पिढी का? विंडोज ११ इंटेलच्या त्याआधीच्या बहुतेक प्रोसेसरना अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्याहून जुना मिळाला तर लिनक्स टाकून वापरता येतो, फक्त ते आधी ठरवून घ्या. डिस्क एसएसडीच हवी. फिरत्या चकतीच्या जुन्या हार्ड डिस्कनं चांगला प्रोसेसरही रांगायला लागतो. उरलेल्यातले ४ हजार बाहेरून जोडायच्या १ टीबी डिस्कला गेले आणि २ हजार नव्या बॅटरीला. जुना मॉनिटर आणि कीबोर्ड ठेवून घेतला. घरी आले की लॅपटॉप त्यांना जोडते, मान दुखत नाही.

इथपर्यंत सगळं शहाणपणाचं. चूक पुढे झाली.

'क' कुठे गेला?

एम.ए.ला असताना मी १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या बायकांच्या मुलाखती घेतल्या होत्या. एकूण ३१. बाबांनी दुकानात बसून रात्री-रात्री त्या टाइप करून दिल्या. मी ते फोल्डर नव्या लॅपटॉपवर उतरवलं, फाइली मोजल्या, ३१ भरल्या, आणि डेस्कटॉपचा डबा भंगारवाल्यासाठी जिन्याखाली ठेवला. आठवड्यानं एक फाइल उघडली. पडद्यावर नुसता रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा. दुसरी उघडली, तेच. त्या ३१ बायकांपैकी निम्म्याहून अधिक आज हयात नाहीत. ध्वनिमुद्रण होतं ते फक्त सहांचं.

झालं होतं असं. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये 'क' टाइप केला तरी फाइलमध्ये 'क' साठवला जात नसे. एखाद्या रोमन अक्षराचा किंवा चिन्हाचा क्रमांक साठवला जाई, आणि फॉन्ट त्यावर 'क' चं चित्र चढवी. फॉन्ट गेला की चित्र गेलं. शिवाय प्रत्येक कंपनीचे क्रमांक वेगळे. खरं तर भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे प्रमाण १९९१ मध्येच ठरलं होतं, युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची. विंडोज २००० पासून 'मंगल' हा युनिकोड फॉन्ट सोबत येऊ लागला. पण छपाईचा धंदा जुन्या फॉन्टवर बसलेला होता, आणि तो पुढेही बरीच वर्षं तिथेच राहिला. बाबांचं सॉफ्टवेअर तर प्रिंटरच्या समांतर पोर्टला डोंगल लावल्याशिवाय चालतच नसे. माझ्या लॅपटॉपला तसला पोर्टच नाही.

लॅपटॉप हलका होताना काय काय सोडून आला, ह्या यादीत मी हा पोर्ट धरलाच नव्हता.

नशिबानं भंगारवाला गावाला गेला होता. डबा परत वर आणला. डोंगल बाबांच्या टेबलाच्या खणात सापडलं. आधी सगळ्या फाइलींच्या पीडीएफ काढल्या, म्हणजे निदान चित्र तरी गोठलं. मग त्या फॉन्टसाठीच्या कन्व्हर्टरमधून मजकूर युनिकोडमध्ये आणला आणि ओळ न् ओळ पीडीएफशी ताडून पाहिली. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये नंतर. रफाराचं नेमकं उलटं. त्यामुळे जोडाक्षरांत चुका राहतात. एका ठिकाणी मुक्कामाच्या गावाचं नाव बदलून भलतंच झालं होतं. ताडून पाहिलं नसतं तर ते तसंच प्रबंधात गेलं असतं. सगळ्याला पाच आठवडे लागले.

तर मग, ज्युनिअरसाठी

त्याला मी शेवटी हे सांगितलं. आधी कामाची यादी कर: काय लागतं, आणि काय सोडलं तर चालेल. मग पैशाचे तीन भाग कर: यंत्र, बाहेरची डिस्क, बॅटरी. वापरलेलं घेत असशील तर दुकानातच अर्धा तास चालवून बघ, सगळी बटणं दाबून बघ, चार्जर काढून बघ. फाइली नुसत्या मोजू नकोस, उघडून वाच. जुन्या फॉन्टमधल्या असतील तर आधी जुन्याच यंत्रावर पीडीएफ काढ. आणि नव्या यंत्रावर निदान तीन महिने काम होईपर्यंत जुना डबा घराबाहेर जाऊ देऊ नकोस.

तो म्हणाला, "पण ताई, मॉडेल?"

म्हटलं, यादी घेऊन ये, मग दोघं मिळून बाजारात जाऊ. रविवारी येतोय. त्याच्याकडे आजोबांची रोजनिशी बाबांनी टाइप केलेली आहे म्हणे, २००५ ची. कुठल्या फॉन्टमध्ये आहे, ते त्याला अजून माहीत नाही.