वाटेवरची तीन घरे

ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातील प्रवासवर्णने ज्यांनी वाचली असतील, त्यांस एका घराची ओळख हटकून झालेली असते. चोहोंकडे उजाड माळ, वस्ती कोठे दिसत नाही, आणि मध्येच एक एकाकी मद्यगृह. क्वीन्सलँड प्रांतात, वाळवंटाच्या कडेला, बर्ड्सव्हिल म्हणून एक लहानसे गाव आहे. तेथील मद्यगृह १८८४ सालचे असून ते जगप्रसिद्ध झाले आहे. थकला भागला प्रवासी अशा घरी येतो, पेला घेतो, तेथेच जेवतो, तेथेच निजतो, आणि पुढल्या वाटेवर पाणी आहे की नाही हेही तेथेच विचारून घेतो. मद्यगृह, खाणावळ, धर्मशाळा आणि चावडी अशी चार कामे एकाच छपराखाली चालतात.

लांब व एकाकी वाटा आमच्या वऱ्हाडातही होत्या. मग असे घर आमच्याकडे का उभे राहिले नाही? वाशिम जिल्ह्यात आम्ही अनेक वर्षे या ना त्या निमित्ताने हिंडलो आहो. मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, मानोरा, कारंजा या बाजूंच्या वाटा आमच्या पायांखालच्या आहेत. त्या हिंडण्यातून आमच्या मनाने घेतलेले उत्तर असे की, ते घर आमच्याकडेही होते. मात्र त्याचे तीन तुकडे झालेले होते. निजावयास धर्मशाळा, पिण्यास कलाली, आणि बोलावयास, तेही फार उशिरा, चहाचे हॉटेल. या वाटण्या कोणी व कशा केल्या, हे पाहण्यासारखे आहे.

प्राचीन काळी आपल्याकडे असे नव्हते. कौटिल्याने अर्थशास्त्रात सुराध्यक्षाची कर्तव्ये सांगताना पानागाराचे जे वर्णन केले आहे, ते वाचून आजचा गृहस्थ चकित होईल. पानागारात अनेक दालने असावीत, निजावयास व बसावयास निरनिराळी सोय असावी, सुगंध, फुलांच्या माळा व पाणी असावे आणि प्रत्येक ऋतूत ते सुखकर वाटावे, असे तो सांगतो. मद्यपान करून झोपी गेलेल्या गिऱ्हाइकाची वस्तू हरवली तर दुकानदाराने ती भरून द्यावी व वर दंडही सोसावा, असा नियम आहे. तेथे परका कोण आला आणि कोण ऐपतीबाहेर खर्च करतो यावर हेरांनी नजर ठेवावी, हेही तो विसरत नाही. म्हणजे पेला, शय्या आणि वार्ता ही तिन्ही त्या काळच्या राजनीतीला एकाच घरात अभिप्रेत होती.

पुढे ही जोडी तुटली. पहिले कारण धर्माचे. वाटसरूस आसरा देणे हे पुण्यकर्म ठरले. अशोकाने वाटांवर वड व आंबे लावले, विहिरी खणल्या आणि विश्रांतिस्थाने बांधली, ही परंपरा येथवर चालत आली. वाशिमला अठराव्या शतकात भवानी काळू यांनी बालाजीचे देऊळ बांधले. शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथाचे तीर्थ, पोहरादेवीला बंजारा समाजाचे सेवालाल महाराजांचे स्थान, मंगरूळपीरला हयात कलंदर यांचा दर्गा. अशा ठिकाणी यात्रेकरूंची सोय पाहणे हे दात्यांस भूषण वाटे. पण पुण्यासाठी बांधलेल्या घरात मद्याला जागा कोठून असणार?

दुसरे कारण जातीचे. कोणाच्या हातचे खावे याचे निर्बंध कडक असल्यामुळे धर्मशाळेत अन्न शिजवून मिळत नसे. चूल मांडण्यापुरती जागा मिळे. आम्ही पाहिलेल्या जुन्या धर्मशाळांची मांडणी बहुधा एकसारखी: लांबच लांब ओसरी, भिंतीत दिवा ठेवावयाच्या देवळ्या, धुराने काळवंडलेले कोपरे, बाहेर विहीर. प्रत्येकाने आपली तीन दगडांची चूल मांडावी, आपले पीठ आपण मळावे व आपल्या घोंगडीवर निजावे. चार बिऱ्हाडे एका छपराखाली रात्र काढीत. पण ती एकत्र जेवली असे होत नसे. आणि ज्यांस अस्पृश्य मानीत, त्यांस तर बहुतेक ओसऱ्यांची पायरीही चढता येत नसे. धर्मशाळा फुकट होती, परंतु सर्वांची नव्हती.

तिसरे कारण सरकारी खजिन्याचे. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आले. मोहाची फुले फाल्गुन-चैत्रात पहाटे गळतात. ती वेचून, वाळवून, पाण्यात आंबवावयाची, मग मडके चुलीवर चढवून वाफ नळीने दुसऱ्या मडक्यात उतरवून थंड करावयाची. ही विद्या रानावनात राहणाऱ्यांस पिढ्यानपिढ्या अवगत होती. आबकारीच्या कायद्यांनी ती परवान्याची बाब केली. कोठे ठराविक प्रदेशात गाळण्याचा व विकण्याचा हक्क लिलावाने दिला जाई. पुढे पुढे सरकारी देखरेखीखालच्या भट्टीतच दारू गाळावी व तेथून ती दुकानांस पुरवावी, हा प्रकार रूढ झाला. कमीत कमी खपातून जास्तीत जास्त उत्पन्न, हे या खात्याचे सूत्र मानले जाई. या सूत्राच्या पोटात परवानेवाला हा केवळ विक्रेता होता. वाटसरूस खोली द्यावी, जनावरास चारा द्यावा, ही जबाबदारी त्याच्यावर नव्हती.

येथे ऑस्ट्रेलियाशी तुलना करण्याजोगी आहे. इंग्लंडच्या जुन्या रूढ कायद्याप्रमाणे खानावळवाल्यास, जागा असेल तर, आलेल्या प्रवाशास नाकारता येत नसे. ऑस्ट्रेलियातील वसाहतींनीही मद्यविक्रीचा परवाना देताना प्रवाशांसाठी खोल्या व घोड्यांसाठी तबेला असावा, अशी अट घातलेली असे. म्हणजे त्या एकाकी घराचे आतिथ्य केवळ घरमालकाच्या मोठ्या मनाचे फळ नव्हते. ते कायद्याने मागितलेले होते. हिंदुस्थानात १८६७ साली सरायांचा कायदा झाला. त्याने सराईवाल्यास नोंदणी करावयास लावली, खोल्या व विहिरी स्वच्छ ठेवण्यास सांगितले. परंतु सराय एका कायद्यात आणि कलाली दुसऱ्या कायद्यात राहिली. दोघींची गाठ कधी पडली नाही.

या वाटणीचा परिणाम कलालीच्या रूपावर झाला. आम्ही ज्या पाहिल्या, त्या गावाबाहेर, नाल्यापलीकडे अथवा बाजाराच्या पाठीमागे. जाळीची एक खिडकी, वर 'सरकारमान्य देशी दारूचे दुकान' अशी पाटी, आत बाटल्यांच्या पेट्या. बसावयास बाक असलाच तर मोडका. शेजारी कोणी बाई फुटाणे व भजी घेऊन बसलेली. माणसे येत, उभ्याउभ्याच घशात ओतीत, तोंड पुसून निघून जात. काही नाल्याच्या काठी उकिडवी बसत. ओळखीच्या माणसाने हाक मारली तर मान दुसरीकडे वळवीत. ही घाई व ही लाज वऱ्हाडी स्वभावाचीच आहे असे मात्र समजू नये. ऑस्ट्रेलियातील अनेक प्रांतांत १९१६ साली मद्यगृहे सायंकाळी सहाला बंद करण्याचा नियम झाला, तेव्हा कामावरून सुटलेली माणसे तासाभरात घटाघट पिऊन घेऊ लागली. न्यू साउथ वेल्समध्ये हा प्रकार १९५५ पर्यंत चालला. ज्या घरात बसावयास जागा नाही, तेथे माणूस बसण्यासाठी जात नाही, केवळ पिण्यासाठी जातो.

तथापि एक गोष्ट नमूद केलीच पाहिजे. त्या जाळीच्या खिडकीपुढे कोणाची जात विचारली जात नसे. पाटलाचा गडी, तांड्यावरचा बंजारा, गावकुसाबाहेरचा मजूर हे एकमेकांशेजारी उभे असलेले आम्ही पाहिले आहेत. पुण्याच्या घरात जी समता नव्हती ती पापाच्या दारात होती, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु या समतेची किंमत त्या नाल्याकाठी मोजली जात नव्हती. ती घरी, रित्या कणगीपाशी, बायकांना मोजावी लागे. आठवड्याच्या बाजारच्या दिवशी कलालीपासून काही अंतरावर, पदर डोक्यावरून ओढून, नवऱ्याच्या मजुरीतले काही शिल्लक राहील या आशेने ताटकळत उभ्या असलेल्या बायाही आम्ही पाहिल्या आहेत. ज्यास या घराचे वर्णन गोड करून लिहावयाचे असेल, त्याने प्रथम त्यांच्याकडे पाहावे.

या दोन घरांतील दरी ज्याने स्वतःच्या जन्मात अनुभविली, असा एक पुरुष याच वऱ्हाडात होऊन गेला. अमरावती जिल्ह्यातील शेणगाव येथे १८७६ साली जन्मलेल्या डेबूजीचे वडील झिंगराजी दारूच्या व्यसनापायी अकाली गेले. मुलगा मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे मामाच्या घरी वाढला. मूर्तिजापूर म्हणजे वाशिम जिल्ह्याच्या शिवेलगतच. तेथूनच कारंज्यावरून यवतमाळकडे लहान रुळांची 'शकुंतला' गाडी जात असे. हा डेबूजी पुढे गाडगे महाराज झाला. खराट्याने गावे झाडीत आणि कीर्तनांतून दारू सोडा म्हणून सांगत तो महाराष्ट्रभर हिंडला, हे सर्वांस ठाऊक आहे. पण त्याने बांधले काय, तर धर्मशाळा. पंढरपूर, नाशिक, आळंदी, मुंबई या ठिकाणी त्या उभ्या राहिल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्याने ज्यांस इतर ओसऱ्यांवर जागा नव्हती त्यांच्यासाठी बांधली, व पुढे ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. कलालीने बाप नेला, तिच्या विरुद्ध तो बोलला. पण त्याबरोबर माणसाला टेकावयास जागा हवी, आणि ती जात न विचारता मिळावी, हेही त्याने जाणले. आमच्या मते त्याच्या कार्याचा हा दुसरा अर्धा भाग आपण विसरतो.

सरकारांनी मात्र पहिलाच अर्धा उचलला, तोही अडखळत. १९३८ साली मध्यप्रांत व वऱ्हाडचा दारूबंदीचा कायदा झाला. वाशिम तेव्हा अकोला जिल्ह्यात होते. शाळांचा खर्च दारूच्या उत्पन्नातून भागवावा लागतो, या विपर्यासावर गांधीजींनी त्याच्या आदल्याच वर्षी बोट ठेवले होते. १९४९ चा मुंबईचा कायदा १९५९ साली विदर्भास लागू झाला. मग हळूहळू परवाने सैल झाले, आणि १९७३ च्या देशी दारूच्या नियमांनंतर ती जाळीची खिडकी नव्या पाटीखाली स्थिरावली. १९९८ साली वाशिम स्वतंत्र जिल्हा झाला. २०१६ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने महामार्गांपासून पाचशे मीटरांच्या आत दारूचे दुकान नको असा निर्णय दिला. पुढील वर्षी शहरांपुरती त्यात सूट मिळाली. अपघात टाळण्याचा हेतू योग्यच. परंतु वाटसरू आणि मद्य यांची जी फारकत शतकभर चालत आली होती, तिच्यावर यामुळे अखेरचे शिक्कामोर्तब झाले.

तिसरे घर या दोहोंच्या मधल्या रिकाम्या जागेत उभे राहिले. चहाच्या व्यापारासाठी १९०३ साली उपकराचा कायदा झाला, आणि त्या पैशातून रेल्वेस्टेशनांवर व बाजारांत चहाचा प्रचार झाला. फाट्याफाट्यांवर कुडाची हॉटेले निघाली. तेथे बाक होते, वर्तमानपत्र होते, एसटीची वाट पाहावयाची सोय होती. एक जण मोठ्याने वाची आणि दहा जण ऐकत. पाऊस, कापसाचा भाव, निवडणूक, कोणाच्या मुलीचे लग्न, सारे तेथे निघे. वाटेवरच्या घरातील बोलण्याचा भाग अशा रीतीने परत मिळाला. पण काही ठिकाणी कपबश्या निराळ्या ठेवलेल्या असत, हेही लपविण्यात अर्थ नाही. धर्मशाळेची पायरी येथे फळीवर येऊन बसली होती. ती बऱ्याच अंशी मोडली, ती कायद्याने आणि आंबेडकरी चळवळीने.

आज महाराष्ट्रात एखाद्या गावच्या स्त्रियांनी बहुमताने ठरविले तर तेथील दारूचे दुकान बंद करता येते. मतपत्रिकेवर उभी बाटली व आडवी बाटली अशी चित्रे असतात. बाजाराच्या दिवशी दुरून ताटकळत उभी असणारी बाई या मताने प्रथमच त्या खिडकीपुढे येऊन उभी राहिली, असे आम्ही मानतो, आणि आडव्या बाटलीच्या बाजूने आमचे मन निःशंक आहे.

परंतु बाटली आडवी झाली त्या संध्याकाळी दिवसभर राबलेला मजूर कोठे जाऊन बसतो, हा प्रश्न मतपत्रिकेवर नसतो. धर्मशाळांच्या ओसऱ्या पुष्कळ ठिकाणी पडल्या आहेत. फाट्यावरचे हॉटेल एसटी गेली की झाकते. गावात शाळा आहे, देऊळ आहे, ग्रामपंचायतीची खोली आहे. पण सायंकाळनंतर तिन्हींस कुलूप असते. एक दिवा, एक सतरंजी, पिण्याचे पाणी आणि चार वर्तमानपत्रे एवढ्यावर यांपैकी एक खोली रात्री दहापर्यंत उघडी ठेवता येईल. त्यास मोठा निधी लागत नाही. किल्ली ज्याच्या हाती आहे त्याची इच्छा लागते. ज्या गावांनी दुकान बंद करण्याचा ठराव केला, त्यांनी त्याच सभेत ही किल्ली कोणाकडे द्यावयाची याचाही ठराव करावा, एवढीच आमची सूचना आहे.