डिस्प्ले गेला: शिर्डी परिसर आणि ग्राफिक्स कार्डाच्या दुरुस्तीची रीत

नवा ड्रायव्हर टाकल्यावर ग्राफिक्स कार्ड बंद पडणे हा संगणकदुरुस्तीतला जुना आणि फसवा बिघाड आहे. दोष कार्डात असो की ड्रायव्हरमध्ये, पडदा दोन्ही वेळा सारखाच काळा दिसतो. ड्रायव्हर हा विंडोज आणि कार्ड यांच्यातला दुभाषा. दुभाषा बदलला आणि बोलणे थांबले, तर मुके नेमके कोण झाले हे ओळखण्याची रीत गेल्या तीस वर्षांत थोडी थोडी घडत गेली. शिर्डीच्या बाजारपेठेत या रीतीची गरज लवकर पडली, कारण या गावाचा बराचसा व्यवहार प्रतिमेवर चालतो.

ही प्रतिमा साईबाबांची. त्यांनी १५ ऑक्टोबर १९१८ रोजी समाधी घेतली. त्यांच्या हयातीतली छायाचित्रे मोजकी आहेत. पुढची सगळी चित्रे त्या मोजक्या छायाचित्रांवरून, शामराव जयकरांसारख्या चित्रकारांच्या कामावरून आणि १९५४ साली समाधी मंदिरात बसलेल्या बाळाजी वसंत तालीम यांच्या संगमरवरी मूर्तीवरून निघाली. मंदिराभोवतीच्या गल्ल्यांमध्ये तसबिरी, कॅलेंडरे, लॉकेटे यांची दुकाने वाढली आणि त्यांच्या जोडीला फोटो स्टुडिओ आले. संगणक स्वस्त झाल्यावर डीटीपी, अल्बम आणि फ्लेक्सचे काम या धंद्याला जोडले गेले. अशा दुकानात हिशेबाचा संगणक एक दिवस बंद राहिला तरी निभावते. डिझाइनच्या संगणकाचा डिस्प्ले गेला, की लग्नाचा अल्बम किंवा उद्याच्या मिरवणुकीचा फ्लेक्स तिथेच अडकतो.

दुरुस्तीचे हात तयार होण्याची सोयही जवळच होती. खासगी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना राज्यात परवानगी मिळाली, त्या १९८३ सालीच राहाता तालुक्यातल्या लोणीला प्रवरा आणि शेजारच्या कोपरगावला संजीवनी ही महाविद्यालये सुरू झाली. २००१ मध्ये स्थापन झालेल्या एमकेसीएलच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने गावोगावी संगणक वर्ग निघाले. ज्या वर्गात दहा-पंधरा यंत्रे आहेत तिथे ती उघडून बसवणारा कोणीतरी लागतोच, आणि त्याला गावात ‘इंजिनिअर’ म्हणतात, मग त्याच्याकडे पदवी असो वा नसो. पुस्तकात नसलेले पुष्कळसे ज्ञान याच माणसांनी चुकत-माकत मिळवले आणि या इतिहासात त्यांचा वाटा मोठा आहे.

सुरुवातीच्या काळात हा बिघाड नव्हताच. १९८१ च्या आयबीएम पीसीवर आणि पुढे डॉसच्या काळात बहुतेक प्रोग्रॅम कार्डाशी थेट बोलत. १९८७ मध्ये व्हीजीए हे मानक आले आणि ६४० गुणिले ४८० ठिपक्यांचे, १६ रंगांचे चित्र ही सगळ्या कार्डांची समान बोली झाली. ऑगस्ट १९९५ मध्ये विंडोज ९५ आले आणि प्रत्येक कार्डाचा स्वतःचा ड्रायव्हर टाकणे सर्रास झाले. विदेश संचार निगमची इंटरनेट सेवा त्याच महिन्यात सुरू झाली असली, तरी तालुक्याच्या गावांत ड्रायव्हर मिळायचा तो कार्डाच्या खोक्यातल्या सीडीवर. सीडी हरवली की कार्ड असून नसल्यासारखे. म्हणून दुरुस्ती करणारे सीड्यांचे जाडजूड पाकीट जवळ बाळगत, आणि ज्याचे पाकीट मोठे त्याच्याकडे गिऱ्हाईक जास्त.

१९९६ च्या विंडोज एनटी ४.० मध्ये मायक्रोसॉफ्टने ग्राफिक्स ड्रायव्हर वेग वाढवण्यासाठी प्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये नेला. वेग मिळाला, पण ड्रायव्हर चुकला तर सगळी प्रणालीच कोसळू लागली. प्रणाली कोसळल्यावर दिसणाऱ्या निळ्या पडद्याच्या धास्तीत या निर्णयाचाही वाटा होता. दुरुस्तीच्या बाजूने पाहिले, तर याच दशकात आलेली सेफ मोडची सोय तितकीच मोलाची ठरली.

सेफ मोडमध्ये यंत्र सुरू केले, की पडद्याच्या चारही कोपऱ्यांत ‘सेफ मोड’ अशी अक्षरे येतात, चिन्हे मोठी आणि ओबडधोबड दिसतात, रंग विटल्यासारखे वाटतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला यंत्र आणखी बिघडले असे वाटते. निदान मात्र इथेच पुढे सरकते. विंडोजने या वेळी कार्डाचा खास ड्रायव्हर बाजूला ठेवलेला असतो आणि ते साध्या, समान बोलीत कार्डाशी बोलत असते. हे ओबडधोबड चित्र स्वच्छ आणि स्थिर उमटले, तर कार्ड, त्याचे सॉकेट, केबल आणि मॉनिटर बहुधा ठीक आहेत, आणि संशय ड्रायव्हरवर जातो. चित्रात रेघा, ठिपके किंवा चौकटी दिसल्या, तर ड्रायव्हर बदलून काही होणार नाही. पाच मिनिटांची ही तपासणी न करता ‘कार्ड उडाले’ असे सांगून नवे कार्ड घ्यायला लावणे, हा या धंद्यातला सर्वांत महागडा अन्याय होता. दुसरी घाई ‘फॉरमॅट मारण्याची’. त्याने ड्रायव्हरचा दोष जातो हे खरे, पण डिझायनरचे मराठी फॉन्ट, प्लगइन आणि कधी कधी अख्खे कामही त्याच्याबरोबर जाते.

ऑक्टोबर २००१ च्या विंडोज एक्सपीत ‘रोल बॅक ड्रायव्हर’ हे बटण आले आणि मागचा ड्रायव्हर एका क्लिकवर परत आणता येऊ लागला. जुन्या ड्रायव्हरचे उरलेले तुकडे नव्यात अडथळा आणतात हेही याच काळात कळत गेले. पुढे डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर, अर्थात डीडीयू, हे छोटे साधन दुरुस्ती करणाऱ्यांच्या पेनड्राइव्हवर कायमचे राहू लागले. सेफ मोडमध्ये जाऊन ते चालवायचे, सगळे पुसून घ्यायचे, मग पूर्वी नीट चाललेला ड्रायव्हर टाकायचा. हा क्रम आजही तोच आहे. जुन्या-नव्या ड्रायव्हरची अशी सरमिसळ होण्याला नगर जिल्ह्यात एक स्थानिक कारणही होते. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत ड्रायव्हर टाकता टाकताच वीज जाई. यूपीएसची बॅटरी थकलेली असली, की निम्म्या फाइली जुन्या आणि निम्म्या नव्या अशी अवस्था होई. तिथे कार्डाचा दोष नसे आणि ड्रायव्हर बनवणाऱ्याचाही नसे.

जानेवारी २००७ मध्ये बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टाने ग्राफिक्सची रचनाच बदलली. कार्डाने २ सेकंदांत उत्तर दिले नाही तर प्रणाली ड्रायव्हर थांबवून पुन्हा सुरू करू लागली. क्षणभर काळा झालेला पडदा परत येई आणि कोपऱ्यात ड्रायव्हर सावरल्याचा निरोप दिसे. नव्या रचनेसाठी लिहिलेले ड्रायव्हर कच्चे होते. पुढे अमेरिकेतल्या एका खटल्यात मायक्रोसॉफ्टचे अंतर्गत ईमेल उघड झाले. त्यांतल्या नोंदीनुसार व्हिस्टा कोसळण्याच्या नोंदवलेल्या घटनांपैकी सुमारे २९ टक्के एनव्हिडियाच्या ड्रायव्हरमुळे झाल्या होत्या. स्टुडिओंपर्यंत ही झळ पोचली ती २००८ च्या फोटोशॉप सीएस४ पासून, कारण त्या आवृत्तीने पडद्यावर चित्र उमटवण्याचे काम ग्राफिक्स कार्डाकडे दिले. तोवर फक्त गेम खेळणाऱ्यांचा मानला जाणारा बिघाड अल्बम करणाऱ्याच्या टेबलावर आला. प्रेफरन्सेसमध्ये जाऊन कार्डाचा वापर बंद करायचा आणि फोटोशॉप चालते का पाहायचे, ही नवी चाचणी तेव्हापासूनची.

त्याच वर्षी उलट दिशेचा धडा मिळाला. २ जुलै २००८ रोजी एनव्हिडियाने जाहीर केले, की लॅपटॉपमधल्या काही चिप्सच्या बांधणीतले साहित्य कमकुवत निघाले असून त्यापोटी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद करावी लागेल. चिप तापते, थंड होते, पुन्हा तापते. या चक्रात चिपखालचे सूक्ष्म जोड तडकत. लॅपटॉप कंपन्यांनी पंखा जास्त वेळ फिरवणारी बायोस अपडेट दिली, पण तडकलेला जोड अपडेटने सांधला जात नाही. अशा यंत्रात नवा ड्रायव्हर टाकताना चिपवर पहिल्यांदाच पूर्ण भार यायचा, ती तिथेच मान टाकायची आणि दोष ड्रायव्हरच्या माथी बसायचा. यावर ‘हीट मारणे’ हा उपाय देशभर फैलावला: हॉट एअर गनने चिप तापवली की तडकलेला जोड काही काळ टेकतो आणि डिस्प्ले येतो. तो आठवडाभर टिकेल की सहा महिने, हे कोणालाच सांगता येत नाही. चिप उचलून खालचे गोळे नव्याने बसवणारे रीबॉलिंग अधिक कष्टाचे, पण दोष चिपच्या आतल्या जोडांत असला तर तेही पुरत नाही. गिऱ्हाइकाला हे आधी सांगणारा कारागीर आणि न सांगता पैसे घेणारा कारागीर यांतला फरक शिर्डीसारख्या एकमेकांना ओळखणाऱ्या बाजारात फार दिवस लपत नाही.

ड्रायव्हरने खरोखर कार्ड धोक्यात आणल्याच्या घटनाही आहेत. मार्च २०१० मध्ये एनव्हिडियाचा १९६.७५ हा ड्रायव्हर पंख्याचा वेग नीट सांभाळत नसल्याने मागे घेण्यात आला आणि लोकांना १९६.२१ वर परतायला सांगितले गेले. नोव्हेंबर २०१५ मध्ये एएमडीच्या क्रिमझन ड्रायव्हरने काही कार्डांचा पंखा २० टक्क्यांवर अडकवला. काही दिवसांत दुरुस्त आवृत्ती आली. एप्रिल-मेच्या उन्हात, धूळ बसलेल्या कॅबिनेटमध्ये पंखा मंद पडला तर काय होते, हे नगर जिल्ह्यात वेगळे सांगावे लागत नाही. नव्या ड्रायव्हरनंतर आधी पंखा फिरतो का पाहावे, हा नियम अशा अनुभवांतून पक्का झाला.

जुलै २०१५ च्या विंडोज १० पासून ड्रायव्हर न विचारता आपोआप येऊ लागले. त्यामुळे ‘मी काहीच केले नाही, सकाळी चालू केला तर असाच’ हे गिऱ्हाइकाचे म्हणणे बहुधा खरे असते. अपडेटचा इतिहास उघडून कालची तारीख पाहणे ही तपासणीची पहिली पायरी बनली.

याच दशकात जुन्या कार्डांचा बाजार वाढला आणि निदान अवघड झाले. एनव्हिडियाने फर्मी पिढीच्या चिप्सना २०१८ मध्ये आणि केप्लर पिढीला ऑक्टोबर २०२१ मध्ये नियमित ड्रायव्हर देणे थांबवले. त्या काळात फर्मी पिढीच्या चिपवर खोटे बायोस चढवून ‘१०५० टीआय’ म्हणून विकलेली कार्डे फिरत होती. जुना, फेरफार केलेला ड्रायव्हर असेतो ती चालत आणि नवा टाकला की बंद पडत. आभासी चलनाच्या खाणकामासाठी राबवलेल्या एएमडीच्या कार्डांची गोष्ट निराळी. वेगासाठी त्यांचे बायोस बदललेले असे आणि एएमडीचे नंतरचे ड्रायव्हर तसे बायोस नाकारत. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळे चिन्ह आणि कोड ४३ हा त्रुटी-क्रमांक दिसे. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाची ग्राफिक्स कार्डांवरची खाणकामाची पद्धत संपली, तेव्हा अशी वापरलेली कार्डे मोठ्या संख्येने विक्रीला आली. मूळ बायोस परत चढवले की त्यांतली कित्येक सुरळीत चालतात. खोट्या नावाच्या कार्डाला मात्र त्याच्या खऱ्या पिढीचा जुना ड्रायव्हर शोधून देणे एवढेच हाती राहते.

आज काळ्या पडद्याचा संगणक दुकानात आला, की आधी मॉनिटरची केबल कार्डातून काढून मदरबोर्डच्या ऑनबोर्ड डिस्प्लेला लावतात. तिथे चित्र आले तर कार्ड काढून त्याचे सोनेरी दात खोडरबराने हलके घासतात, वीजजोडणी घट्ट बसवतात, मग सेफ मोड, डीडीयू आणि जुना ड्रायव्हर. एवढ्यावर भागले नाही तर खणातले चाचणीचे कार्ड बाहेर येते. ते बहुतेकदा जीटी ७१० असते: लहान, वेगळी वीज न मागणारे, फक्त स्लॉटमधून मिळेल त्यावर चालणारे. हे कार्ड केप्लर पिढीचे असल्याने त्याला ४७० क्रमांकाच्या मालिकेतलाच ड्रायव्हर लागतो, आणि तो पेनड्राइव्हवर वेगळ्या फोल्डरमध्ये जपून ठेवलेला असतो.