कवंदी

कवंदी : कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रिया जुन्या कपड्यांच्या तुकड्यांतून हाताने शिवतात ती गोधडी. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागांतील वस्त्यांमध्ये ही कला आढळते.

सिद्दी म्हटले की मराठी माणसाला जंजिरा आठवतो, मराठवाड्यात खडकी वसवणारा मलिक अंबर आठवतो. या बायकांचा वारसा त्या दरबारी पराक्रमाचा नव्हे. त्यांच्या पूर्वजांपैकी अनेकांना पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणले आणि त्यांतले कित्येक सह्याद्रीच्या रानात पळून गेले. आज या समाजात हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती असे तिन्ही धर्म नांदतात. बोली कोकणी वळणाची, तीत मराठी आणि कन्नड मिसळलेली. २००३ साली त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला.

कवंदी शिवायला कोपऱ्यापासून सुरुवात होते. खाली जुन्या साडीचा पाया अंथरायचा, त्यावर फाटक्या कपड्यांचे तुकडे कडा दुमडून ठेवायचे आणि धावदोरा घालत काठाने फिरत फिरत मध्याशी यायचे. तुकडे जोडणे आणि थर शिवणे ही दोन्ही कामे एकाच टाक्यात उरकतात. आखणी आधी नसते; हाताशी आलेले कापड पुढचा रंग ठरवते. ख्रिस्ती घरांतल्या कवंदीवर क्रूस दिसतो, मुसलमान घरांतल्या कवंदीवर चंद्रकोर. शेवटी चारही कोपऱ्यांना घडी घातलेल्या कापडाची त्रिकोणी ‘फुले’ लागतात. ती नसतील तर कवंदी उघडी राहिली असे मानतात. त्या फुलांनी ऊब तसूभरही वाढत नाही, तरी त्यांच्यावाचून काम पुरे होत नाही. कवंदीला केवळ उपयुक्त वस्तू म्हणणाऱ्यांनी तेवढे पाहावे.

माहूर-किनवटकडच्या वाचकाला हे सारे ओळखीचे वाटेल. दत्तात्रेय निद्रेसाठी जिथे येतात असे मानले जाते, त्या माहूरच्या मुलखातही जुन्या लुगड्या-धोतरांचे थर देऊन वाकळ शिवतात. वापरून मऊ झालेले सुती कापड तान्ह्या बाळाला, बाळंतिणीला, आजाऱ्याला बोचत नाही. औषध नव्हे, पण शुश्रूषेचा भाग खराच.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे कला-इतिहासकार हेन्री ड्रूअल यांच्या अभ्यासामुळे कवंदी देशाबाहेर पोहोचली. त्यांच्या पुढाकाराने सिद्दी स्त्रियांचा गोधडी सहकारी गट उभा राहिला आणि २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या शोम्बर्ग केंद्रात प्रदर्शन भरले. अलाबामातील गीज बेंडच्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या गोधड्या २००२ मध्येच न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात टांगल्या गेल्या होत्या, त्यामुळे दोहोंची तुलना होणे ओघानेच आले. मात्र दोघींना आफ्रिकी म्हणून एका पंक्तीत बसवणे घाईचे ठरेल. गीज बेंडमध्ये वरचा थर आधी जोडून मग शिवतात; कवंदीची रीत भारतीय गोधडीच्या जवळची आहे.

सॅन फ्रान्सिस्कोच्या हार्पसिकॉर्डवादक मार्गारेट फॅब्रिझिओ यांनी सिद्दी वस्त्यांना भेट देऊन ही पद्धत आत्मसात केली आणि स्वतःच्या कवंद्या शिवल्या. परदेशी हौशी शिवणकारांमध्ये आता काठाकडून मध्याकडे शिवण्याची ही रीत कवंदी याच नावाने ओळखली जाते.