सुईमागचा हात

ग्रामोफोनचा इतिहास लिहितांना लेखकांचें लक्ष गवयाकडे व तबकडीकडे जातें. जो हात सुई धरतो त्या टोनआर्मकडे सहसा जात नाहीं. परंतु ज्या मध्यम ऐपतीच्या रसिकास एकाच यंत्रावर निरनिराळ्या कार्ट्रिज वापरावयाच्या आहेत, त्यानें पैसे खर्चण्यापूर्वीं हा इतिहास अवश्य पाहावा, असें आम्हांस वाटतें.

आरंभीं या हाताकडे दोन कामें होतीं : सुई धरणें व साउंडबॉक्समधील आवाज कर्ण्याकडे नेणें. साहजिकच तो पोकळ नळीचा व जड असे. तबकडीवर शंभर ग्रॅमांहून अधिक भार पडे. त्याखालीं किती गाणीं झिजलीं, हें ज्यांच्या घरीं जुन्या तबकड्या आहेत त्यांस सांगावयास नको. विजेच्या साधनांनीं दुसरें काम काढून घेतलें, आणि १९४८ सालीं लाँग-प्ले तबकडी आल्यावर भार थोड्या ग्रॅमांवर उतरला.

१९५९ सालीं इंग्लंडांतील एस्‌.एम्‌.ई. कारखान्यानें ३००९ हा टोनआर्म विक्रीस आणिला. पुढें सुया अधिक लवचीक झाल्या, तशी हात हलका करण्याची चढाओढ लागली. पण जपानच्या डेनॉन डीएल-१०३ सारख्या ताठ कार्ट्रिजला फार हलका हात मानवत नाहीं. याचें कारण साधें आहे. हाताचें वजन व सुईची लवचीकता मिळून एक स्वाभाविक कंप उत्पन्न होतो. तो सेकंदास आठ ते बारा असावा. कमी झाल्यास वांकड्या तबकडीचे हेलकावे त्यास चाळवितात. फार वाढल्यास तो खर्जाच्या स्वरांस जाऊन भिडतो. कार्ट्रिजसह प्रभावी वजन वीस ग्रॅम व लवचीकता बारा असल्यास कंप सुमारें दहा येतो. लवचीकता तीस झाल्यास तो साडेसहावर घसरतो. म्हणजे सर्वांस सारखा मानवेल असा एकच हात संभवत नाहीं.

मग निवड कशी करावी? १९८३ सालीं निघालेला रेगा आरबी-३०० हा टोनआर्म हेडशेलसह एकसंध ओतलेला होता. बेताच्या किंमतींत इतका ताठपणा पूर्वीं दुर्मिळ होता, हें आम्ही मोकळेपणानें मान्य करितों. तथापि त्याचें वजन बदलत नाहीं. सुटें हेडशेल जोडणींत थोडें ताठपणास मुकतें खरें. पण तें हाताच्या अगदीं टोंकाशीं असल्यामुळें त्याचा ग्रॅम न्‌ ग्रॅम हिशेबांत येतो. सहा ग्रॅमांचें काढून पंधरांचें बसविलें, कीं तोच हात ताठ कार्ट्रिजच्या उपयोगी पडतो.

म्हणून आमचें मत असें कीं, बेताच्या पैशांत मध्यम वजनाचा, सुट्या हेडशेलचा व उंची कमीअधिक करतां येणारा टोनआर्म घ्यावा. जपानचा जेल्को कारखाना असे टोनआर्म करी. तो २०२० सालीं बंद पडल्यानें ते आतां वापरलेलेच मिळतात. असा जुना हात घेतांना सांधे ढिले नाहींत ना, हें प्रथम पाहावें. ज्यास एकच कार्ट्रिज जन्मभर पुरेल त्यानें खुशाल एकसंध हात घ्यावा. परंतु रसिकाची आवड एका जागीं स्थिर राहिल्याचें आमच्या पाहण्यांत क्वचितच आहे.