छंदसमूहांतील विक्रेते

छंदसमूहांतील विक्रेते : छंदापायी जमलेल्या लोकांच्या ऑनलाइन चर्चेत आपला माल खपवण्यासाठी वावरणारे उत्पादक, दुकानदार, घरगुती कारागीर आणि कमिशनवर काम करणारे मध्यस्थ. छायाचित्रण, हेडफोन, यांत्रिक कीबोर्ड, शोभिवंत मासे, विणकाम, गिटार, गच्चीवरची बाग अशा बहुतेक छंदांच्या समूहांत ते आढळतात.

समूहात आलेला नवखा माणूस बहुधा पहिला प्रश्न विचारतो तो ‘कोणता घेऊ?’ हाच. त्याला उत्तर देणारे जुने सभासद वर्षानुवर्षे, पदरचा वेळ घालून, कसलाही मोबदला न घेता सल्ला देत आलेले असतात. त्यातून साठलेल्या विश्वासावर खरेदी ठरते. वर्तमानपत्रातल्या जाहिरातीला हा विश्वास मिळत नाही, म्हणून विक्रेत्याला या जागेची ओढ असते.

विक्रेत्यांचा हा प्रश्न वर्ल्ड वाइड वेबहून जुना आहे. १९८० साली सुरू झालेल्या यूजनेट या चर्चाजाळ्यात १९८७च्या फेररचनेनंतर छंदांना ‘रेक’ हा स्वतंत्र विभाग मिळाला. पुढे सायकली, कॅमेरे, बैठे खेळ यांच्या चर्चागटांशेजारी खरेदी-विक्रीसाठी ‘मार्केटप्लेस’ नावाचे वेगळे गट निघाले. बोलणे एका खोलीत, बाजार दुसऱ्या खोलीत, ही व्यवस्था आजही बहुतेक समूह पाळतात. एप्रिल १९९४ मध्ये अमेरिकेतील कँटर आणि सीगल या वकील दांपत्याने ग्रीन कार्ड सोडतीसंबंधीची आपली जाहिरात हजारो गटांवर, विषयाचा काडीचा संबंध नसताना, टाकली. सभासद संतापले. पण ती जाहिरात निदान उघड होती, आणि उघड जाहिरात ओळखून वगळता येते.

वेश पालटून आलेला विक्रेता अधिक घातक. तो एका खात्यावरून भाबडा प्रश्न विचारतो आणि दुसऱ्या खात्यावरून त्याचे उत्तर देतो. किंवा समाधानी ग्राहक म्हणून अनुभव लिहितो आणि खाली दुवा देतो, ज्यावरून झालेल्या प्रत्येक खरेदीमागे त्याला कमिशन मिळते. अमेरिकेत नॅशव्हिल येथील लेगसी लर्निंग सिस्टिम्स ही कंपनी गिटारचे धडे डीव्हीडीवर विकत असे. कमिशनवर नेमलेले तिचे प्रचारक सामान्य ग्राहक किंवा तटस्थ समीक्षक असल्याचे भासवून इंटरनेटवर शिफारशी लिहीत. त्यांतून ५० लाख डॉलरहून अधिक विक्री झाल्याचे फेडरल ट्रेड कमिशनने म्हटले. २०११ मध्ये कंपनीने अडीच लाख डॉलर भरून तडजोड केली. सर्वाधिक विक्री करणाऱ्या ५० प्रचारकांवर दरमहा लक्ष ठेवण्याचे बंधनही तिच्यावर आले. गिटार शिकू पाहणारा माणूस आधीच स्वतःविषयी साशंक असतो. त्याला दुसऱ्या शिकाऊचा म्हणून मिळालेला दिलासा मुळात कमिशनवाल्याचा होता, ही फसवणूक पैशांच्या नुकसानीहून खोल जाते.

परीक्षणासाठी फुकट मिळालेल्या वस्तू हा याहून सूक्ष्म प्रकार. लिहिणारा खोटे बोलत नाही. पण कडक परीक्षण केले तर पुढची वस्तू येणार नाही, हे त्याला ठाऊक असते.

तरीही विक्रेत्याला सरसकट हाकलणे समूहाच्याच मुळावर येते. वस्तू कशी बनते, कुठे बिघडते, सुटा भाग कुठला चालतो, हे अनेकदा बनवणाऱ्यालाच नीट माहीत असते. २००१ साली सुरू झालेल्या हेड-फाय या हेडफोनप्रेमींच्या मंचावर व्यावसायिकांच्या नावाखाली ते या व्यवसायातले असल्याची खूण दिसते. वाचणारा ती पाहून मत तोलतो. याच मंचावरील सभासदांची मते विचारात घेऊन मासड्रॉप या कंपनीने एकेजीकडून २०१४ मध्ये ‘के७एक्सएक्स’ हा हेडफोन बनवून घेतला. यांत्रिक कीबोर्डच्या छंदात तर कारागीर आधी आराखडा मांडतो, किती जणांना रस आहे ते पाहतो, मग आगाऊ पैसे गोळा करून सामूहिक खरेदी चालवतो. माल हाती पडायला वर्षही लागू शकते. अशा ठिकाणी विक्रेता उघडपणे हजर असणे, उशिराबद्दल त्याला जाब विचारता येणे, ही ग्राहकाची मोठी सोय आहे.

समूहांचे नियम यातूनच घडले. रेडिटवर पूर्वी दहा नोंदींमागे फार तर एक स्वतःच्या मालाविषयी असावी, असा संकेत होता. काही समूह विक्रीसाठी आठवड्यातला एक दिवस राखून ठेवतात. या मोजमापापेक्षा ओळख उघड करण्याचा नियम महत्त्वाचा; तो मोडणाऱ्याला दुसरी संधी देऊ नये.

कायद्याचा रोखही ओळख लपवण्यावरच आहे. युरोपीय संघाच्या २००५च्या अनुचित व्यापारी प्रथांविषयीच्या निर्देशात, व्यापाऱ्याने स्वतःला ग्राहक म्हणून खोटेपणाने मिरवणे हे कोणत्याही परिस्थितीत अनुचित ठरणाऱ्या प्रथांच्या यादीत आहे. भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जून २०२२च्या मार्गदर्शक सूचनांनुसार शिफारस करणाऱ्याने जाहिरातदाराशी असलेले आर्थिक वा अन्य नाते उघड करणे आवश्यक आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली दहा लाख रुपयांपर्यंत, पुन्हा गुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्येच ग्राहकांच्या ऑनलाइन अभिप्रायांसाठी ‘आयएस १९०००’ हे मानक काढले. ते ऐच्छिक होते. व्हॉट्सॲपवरील बागप्रेमींच्या बंद समूहात मात्र बियाणे किंवा गांडूळखत सुचवणारा स्वतःच ते विकतो का, हे बाहेरून दिसत नाही. तिथे ही विचारणा समूहाच्या ॲडमिनलाच करावी लागते.