पत्त्यांचे राज्य, स्त्रीराज्य आणि प्रेक्षक

चित्रपटसृष्टीत केवळ ‘क्यू’ या एकाक्षरी नावाने ओळखले जाणारे बंगाली दिग्दर्शक कौशिक मुखर्जी यांचा ‘ताशेर देश’ हा चित्रपट नोव्हेंबर २०१२ मध्ये रोम येथील चित्रपट महोत्सवात प्रथम दाखविण्यात आला व पुढील वर्षी भारतात प्रदर्शित झाला. रवींद्रनाथ ठाकुरांच्या त्याच नावाच्या नाटिकेवर तो आधारलेला आहे. कंटाळलेला राजपुत्र आपल्या मित्रासह, म्हणजे सौदागरपुत्रासह, सागरपार जातो आणि जेथे माणसांऐवजी पत्ते राहतात अशा बेटावर पोहोचतो. तेथे हसणे, रडणे, बसणे, उठणे हे सर्व नियमानुसार चालते. चित्रपटातील हे बेट श्रीलंकेत चित्रित झाले. त्यावरील रहिवाशांना रंगविलेले चेहरे व लष्करी गणवेश मिळाले, रवींद्रांच्या गीतांना आधुनिक वाद्यमेळाची जोड मिळाली, आणि या कथेभोवती आजच्या कलकत्त्यातील एका नाट्यवेड्या तरुणाची दुसरी कथा गुंफण्यात आली.

प्रेक्षकांत सरळ दोन तट पडले. एकास चित्रपट दृश्यांची व ध्वनींची विलक्षण धुंदी वाटला. दुसऱ्यास तो दुर्बोध व रवींद्रांची विटंबना करणारा वाटला. या वादाला एक कायदेशीर पार्श्वभूमी आहे, ती सहसा ध्यानात घेतली जात नाही. रवींद्रांच्या साहित्यावरील विश्वभारतीचा स्वामित्वहक्क २००१ च्या अखेरीस संपला. तोपर्यंत त्यांच्या गीतांच्या गायनावरही त्या संस्थेची देखरेख असे. म्हणून बंगाली प्रेक्षकाचा रोष जितका एका दिग्दर्शकावर होता तितकाच तो पहारा उठल्यावर आलेल्या मोकळीकीवर होता असे म्हणावयास हरकत नाही. मात्र ज्यास मूळ नाटिका ठाऊक नव्हती त्याचा प्रश्न निराळा होता. त्याला विटंबना कशी दिसणार? त्याला नुसते पत्ते दिसले.

चित्रपट विचित्र होता म्हणून तो अनेकांना पचला नाही, हे उत्तर सोपे असले तरी इतिहासाच्या कसोटीस उतरत नाही. भारतीय प्रेक्षकाने अद्भुताचा स्वीकार पहिल्यापासून केलेला आहे. दादासाहेब फाळके यांच्या ‘लंकादहन’ (१९१७) मध्ये पडद्यावर राम येताच लोक साष्टांग नमस्कार घालीत, अशी वर्णने आढळतात. याच फाळक्यांनी आगकाड्यांची हालचाल दाखविणारा लघुपट केला आणि आपल्या आडनावाची अक्षरे उलटी फिरवून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने जादूचे प्रयोगही केले. त्यांच्याही आधी, १९०५ मध्ये, फ्रान्समधील जॉर्ज मेलिएस यांनी पत्ते जिवंत करून दाखविले होते. त्यात जादूगार एक पत्ता मोठा करतो आणि त्यातून राणी चालत बाहेर येते. या सर्व उदाहरणांत अद्भुताच्या शेजारी एक जामीन उभा आहे. कोठे तो देव आहे, कोठे जादूगार. प्रेक्षक अद्भुतावर विश्वास ठेवतो तो या जामिनाच्या भरवशावर. ‘ताशेर देश’ पाहणाऱ्या बंगालबाहेरील प्रेक्षकास असा जामीन मिळाला नाही, आणि बंगाली प्रेक्षकास आपला जामीनच फितूर झाल्यासारखे वाटले.

महाराष्ट्रापुरता हा प्रश्न पाहावयाचा तर १९३२ व १९३३ ही दोन वर्षे शेजारी ठेवून पाहणे उपयुक्त ठरते. १९३३ च्या सप्टेंबरात कलकत्त्यात रंगभूमीवर आलेली ‘ताशेर देश’ त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मुंबईत भरलेल्या रवींद्र-सप्ताहात सादर झाली. तिचे बीज रवींद्रांच्या १८९२ मधील एका कथेत आहे, आणि तिच्या नंतरच्या आवृत्तीची अर्पणपत्रिका सुभाषचंद्र बोस यांच्या नावे आहे. यावरून नियमबद्ध पत्त्यांचा रोख कोणाकडे होता हे त्या पिढीस सांगावे लागले नसेल. या प्रयोगाच्या आदल्याच वर्षी कोल्हापूरच्या प्रभात कंपनीने ‘माया मच्छिंद्र’ हा व्ही. शांताराम दिग्दर्शित बोलपट मराठीत व हिंदीत पडद्यावर आणला होता. मच्छिंद्रनाथांच्या भूमिकेत गोविंदराव टेंबे, राणीच्या भूमिकेत दुर्गा खोटे आणि गोरखाच्या भूमिकेत विनायक होते. कथा मणिशंकर त्रिवेदी यांच्या ‘सिद्धसंसार’ या नाटकावरून घेतलेली होती.

हा बोलपट कोणाच्या ओळखीचा होता, हे पाहण्यासाठी अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या दक्षिणेस कर्जत तालुक्यात, सोलापूर रस्त्यावर असलेल्या मिरजगावाकडे वळले पाहिजे. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुका या गावास अगदी लागून आहे. उत्तरेकडे गर्भगिरीची डोंगररांग पसरलेली आहे. तिच्या आश्रयाने मढीस कानिफनाथांचे, सावरगावाजवळ मायंबा येथे मच्छिंद्रनाथांचे आणि वृद्धेश्वरास आदिनाथांचे स्थान आहे. होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत मढीची यात्रा चालते. धुंडिसुत मालूंच्या ‘नवनाथ भक्तिसार’ या चाळीस अध्यायांच्या पोथीची पारायणे या टापूत घरोघर होत आलेली आहेत. या पोथीत मच्छिंद्र स्त्रीराज्यात जाऊन राहतो. गोरख नर्तकीच्या ताफ्यात स्त्रीवेषाने शिरतो आणि मृदंगाच्या बोलांतून गुरूस हाक घालतो. परतीच्या वाटेवर गुरूच्या झोळीत सोन्याची वीट असते. गोरख ती फेकून देतो आणि पुढे गुरूचा मोह उतरविण्यासाठी सारा डोंगरच सोन्याचा करून दाखवितो. तो डोंगर म्हणजे गर्भगिरी. मिरजगावच्या परिसरातील श्रोत्याला स्त्रीराज्य जरी दूरचे असले तरी त्या कथेचा शेवट त्याच्या क्षितिजावरच झालेला आहे.

म्हणून तंबूतील असो वा शहरातील नाट्यगृहातील असो, नाथकथा जाणणाऱ्या प्रेक्षकाला ‘माया मच्छिंद्र’मधील पुरुषद्वेष्टी राणी व तिचे नियम चमत्कारिक वाटले तरी परके वाटण्याचे कारण नव्हते. येथे एक गोष्ट विशेष लक्षणीय आहे. चित्रपटाने पोथी जशीच्या तशी घेतली नाही. पोथीतील मच्छिंद्र खरोखरच स्त्रीराज्यात गुंततो. पडद्यावर मात्र हा सारा प्रपंच गुरूने शिष्याला शिकविण्यासाठी रचलेली माया होती, असे अखेरीस उघड होते. फरक लहान नाही. गुरूचा मोहच त्यातून नाहीसा होतो. तरीही चित्रपट लोकप्रिय झाला. बंगालमध्ये ऐंशी वर्षांनी रवींद्रांच्या कृतीतील फेरफारांवर जेवढा क्षोभ झाला, त्याच्याशी ही सहनशीलता ताडून पाहण्याजोगी आहे. पोथी कीर्तनकाराच्या, भारुडकऱ्याच्या व आजीच्या तोंडून दर वेळी थोडी बदलतच आलेली असते. रवींद्रांची नाटिका छापील व स्वरबद्ध आहे. तिच्यात बदल केला की तो बदल म्हणूनच नजरेस येतो.

दोन्ही कथांची रचना मात्र आश्चर्यकारकपणे जुळते. दोहोंत एक बंदिस्त राज्य आहे, त्याला स्वतःचा कडक नियम आहे, आणि बाहेरून आलेला एक पाहुणा तो नियम मोडतो. भेद दिशेचा आहे. गोरख स्त्रीराज्यात जातो तो गुरूला इच्छेतून सोडविण्यासाठी. राजपुत्र पत्त्यांच्या देशात जातो आणि नकळत तेथे इच्छा घेऊन जातो. एकात मुक्ती म्हणजे वासना गळणे, तर दुसऱ्यात ‘मला हवे’ असे म्हणता येणे. नाथकथेवर वाढलेल्या मनाला पत्त्यांच्या देशातील ही मुक्ती मुक्ती वाटेल की बंधन, हा प्रश्न चित्रतंत्राच्या दुर्बोधतेपेक्षा अधिक मूलगामी आहे. क्यू यांच्या चित्रपटात ही इच्छा शरीराच्या भाषेत, आणि समलिंगी प्रेमासह, मांडलेली असल्याने तो अधिकच तीव्र होतो.

पत्ते स्वतः महाराष्ट्राला नवे नाहीत. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात १२० पाने असतात. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा व प्रधान, आणि खेळ दिवसा मांडला तर उतारी रामाची, रात्री मांडला तर कृष्णाची. सूर्य मावळला की मान बदलतो, अशा या पानांवर रवींद्रांचा उपहास लागू पडला नसता. त्यांनी घेतलेला जोड युरोपीय आहे. त्याच्या रंगांची हरतन व रुइतन ही बंगाली नावेदेखील डच भाषेतून आलेली आहेत, आणि नाटिकेतील हरतनी हे पात्र त्या परक्या शब्दातूनच जन्मले आहे. मराठीने त्याच रंगांना त्यांच्या आकारावरून बदाम व चौकट म्हटले. हरतनी मराठीत आली तर ती बदामराणी होऊनच येईल, आणि ही राणी घरोघरच्या पत्त्यांच्या जोडात पूर्वीपासूनच आहे.