मुदतीचा ताप आणि अस्थिमज्जा

टायफॉइडला ग्रंथांत विषमज्वर म्हटले जात असले, तरी मराठी घरांत रुळलेले त्याचे नाव ‘मुदतीचा ताप’ हेच होय. कारण प्रतिजैविके, म्हणजे जिवाणूंना मारणारी किंवा त्यांची वाढ रोखणारी औषधे, येण्यापूर्वी हा ताप तीन-चार आठवड्यांची मुदत घेई, आणि तोवर पथ्य व शुश्रूषा यांपलीकडे फारसा इलाज नसे. १९४८ मध्ये क्वालालंपूर येथे थिओडोर वुडवर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी क्लोरॅम्फेनिकॉल दिल्यास हा ताप काही दिवसांतच उतरतो, हे दाखवून दिले. व्हेनेझुएलातील मातीत सापडलेल्या सूक्ष्मजीवापासून मिळालेले हे औषध १९४९ मध्ये बाजारात आले आणि मुदतीच्या तापाची मुदत संपली.

मात्र त्याची किंमत लवकरच दिसू लागली. अस्थिमज्जा, म्हणजे हाडांच्या पोकळीतील मऊ ऊतक, तांबड्या व पांढऱ्या पेशी आणि बिंबाणू (प्लेटलेट) घडवते. क्लोरॅम्फेनिकॉल जिवाणूंच्या रायबोसोमवर, म्हणजे प्रथिने तयार करणाऱ्या सूक्ष्म यंत्रणेवर, आघात करते. परंतु मानवी पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकांतील रायबोसोम जिवाणूंच्या रायबोसोमसारखेच असल्याने, झपाट्याने वाढणाऱ्या मज्जेलाही त्याची झळ बसते. मात्रा जास्त झाल्याने होणारी ही घट औषध थांबवल्यावर बहुधा भरून निघते. दुसरा प्रकार भयंकर आहे: साधारणतः २५ ते ४० हजार उपचारांमागे एखाद्या रुग्णात, मात्रेशी संबंध नसताना आणि कधी औषध संपल्यावर काही आठवड्यांनी वा महिन्यांनी, मज्जा जवळजवळ रिकामी होते. यालाच अप्लास्टिक अॅनिमिया म्हणतात, आणि तो अनेकदा प्राणघातक ठरतो.

अमेरिकेत १९५२ मध्ये किरकोळ आजारांसाठी हे औषध वापरू नये, असा इशारा वेष्टनावर छापणे भाग पडले, तरी स्वस्त आणि गुणकारी असल्याने भारतात ते दीर्घकाळ टायफॉइडचे मुख्य औषध राहिले. पुढे १९७२ मध्ये कोझिकोड येथे त्याला न जुमानणारे टायफॉइडचे जिवाणू आढळले, आणि कालांतराने त्याची जागा इतर औषधांनी घेतली.

हा धडा मात्र जुना झालेला नाही. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावर आज दिले जाणारे लिनेझोलिड हेही त्याच यंत्रणेवर काम करते, आणि दोन आठवड्यांहून अधिक काळ घेतल्यास बिंबाणू व इतर पेशी घटू शकतात. म्हणूनच उपचारांदरम्यान ठरावीक अंतराने रक्तपेशींची मोजणी केली जाते. प्रतिजैविक डॉक्टरांनी सांगितल्यावरच घ्यावे, स्वतःहून मध्येच सोडू नये, आणि सांगितलेली रक्ततपासणी टाळू नये. कारण ताप उतरल्याचे रुग्णाला तत्काळ कळते, पण मज्जा थकल्याचे बहुधा रक्त तपासल्याशिवाय कळत नाही.